पेजेच्या निवळीचं घड्याळ: वर्गात करून दाखवायचा रंगबदलाचा प्रयोग

दोन ग्लास. दोन्हींत पाण्यासारखं दिसणारं काहीतरी. एकातलं दुसऱ्यात ओतायचं, दोनदा इकडून तिकडे करायचं आणि हात मागे बांधून उभं राहायचं. काही होत नाही. पुढच्या बाकावरची पोरं माना पुढे काढतात, मागची कुजबुजायला लागतात. मग कुणीतरी धीर करून बोलतंच, "सर, ह्याच्यात तर कायच होणा नाय!" त्याचं वाक्य संपतं न संपतं तोच ग्लासातलं पाणी दौतीतल्या शाईसारखं काळंनिळं होतं. हळूहळू नाही, एका झटक्यात.

रंग बदलणाऱ्या वस्तूंचं आपल्या कोकणात काही अप्रूप नाही. कोकमाच्या आगळात खायचा सोडा पडला की लाल रंग काळवंडतो, हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे पोरांनी घरीच पाहिलेलं असतं. पण तिथे टाकलं की लगेच बदललं, मधे काही नाही. या प्रयोगात मधे वाट पाहावी लागते, आणि ती वाट किती सेकंदांची असावी हे आपण ठरवू शकतो. मला रंगापेक्षा ती वाट मोलाची वाटते. दहावीला 'अभिक्रियेचा दर' शिकवताना चुना, शहाबादी फरशी आणि आम्लाचे बुडबुडे दाखवून मी जे कधी नीट पोचवू शकलो नव्हतो, ते या काळ्या ग्लासाने पोचलं.

याला रसायनशास्त्रात आयोडीन घड्याळ म्हणतात. हान्स लांडोल्ट या रसायनशास्त्रज्ञाने १८८६ साली ते पहिल्यांदा मांडलं. त्याची रसायनं आपल्या हायस्कुलाच्या कपाटात सापडणं कठीण. खाली दिलेल्या कृतीचं सामान मात्र मेडिकलच्या दुकानात आणि स्वयंपाकघरात मिळतं. मी सिंधुदुर्गात शिकवतो, त्यामुळे सगळं इथल्या हवेपाण्याच्या हिशेबाने लिहिलं आहे. घाटावर करणार असाल तर सेकंदांचा हिशेब तुमचा तुम्ही लावा.

सामान

पहिली वस्तू जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन, ज्याला सगळेच बीटाडिन म्हणतात. ५ टक्क्यांचं 'सोल्युशन' मागा. मलम चालत नाही आणि 'स्क्रब' तर अजिबात नको, त्यात साबण असतो आणि ग्लासात फेसच फेस होतो. बाटलीवर बारीक अक्षरात 'उपलब्ध आयोडीन ०.५ टक्के' असं लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या, हिशेब त्यावरच आहे. तुमच्याकडे जुन्या पद्धतीचं २ टक्क्यांचं टिंक्चर आयोडीन असेल तर ते चौपट तीव्र असतं, म्हणून १० मिलीऐवजी अडीच मिली घ्यायचं.

दुसरी वस्तू विटामिन सीची ५०० मिलिग्रॅमची गोळी. चघळायच्या गोळ्या नारिंगी असतात, त्यामुळे पाण्याला किंचित केशरी छटा येते. ती मागच्या बाकावरून दिसत नाही. प्रयोगशाळेतली पांढरी ॲस्कॉर्बिक आम्लाची, म्हणजे विटामिन सीचीच, पूड असेल तर उत्तमच.

तिसरी वस्तू हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये जखम धुवायला मिळतं ते बहुधा ६ टक्क्यांचं असतं, बाटलीवर '२० व्हॉल्यूम' असं लिहिलेलं. काही ठिकाणी ३ टक्क्यांचंही मिळतं, मग त्याचं माप दुप्पट घ्या. प्रयोगशाळेसाठी येणारं ३० टक्क्यांचं पेरॉक्साइड या कामाला हातात घेऊ नका. ते कातडी भाजतं, आणि इथे त्याची काही गरजही नाही.

चौथी वस्तू पेज. बाजारात स्टार्चची पूड मिळते, आरारूटही चालतं, पण ज्या मुलुखात सकाळी घरोघरी पेज होते तिथे ती विकत कशाला आणायची? एक गोष्ट तेवढी सांभाळा: पेज सुरय (न उकडलेल्या) तांदळाची करा, उकड्याची नको. उकड्या तांदळाची पेज लालसर उतरते आणि 'पाण्यासारखं' दिसण्याची सगळी मजा जाते. मीठ घालू नका. मूठभर तांदूळ भरपूर पाण्यात शिजवायचे, पेज निवत ठेवायची, आणि वरची निवळ तेवढी जुन्या मऊ कापडातून गाळून घ्यायची. खालचा गाळ लागत नाही. भात चिकट होणारा तांदूळही टाळा, त्याचा रंग निळ्याऐवजी जांभळट-तपकिरी येतो. निवळ त्याच दिवशीची हवी. आमच्या दमट हवेत ती दुसऱ्या दिवशी आंबते.

बाकी किरकोळ: मेडिकलमधल्या बिनसुईच्या १० मिलीच्या तीन-चार सिरिंज, पारदर्शक ग्लास, चिकटपट्टी, मार्कर, पांढरा कागद आणि सेकंद दाखवणारं घड्याळ. प्रत्येक द्रावणाला वेगळी सिरिंज, आणि तिच्यावर नाव. हा नियम मोडलात तर पुढचं सगळं गणित फुकट.

पाण्याबद्दल थोडं. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर, टाकते. ते क्लोरीन थोडं विटामिन सी आपणच खाऊन टाकतं. पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते उकळून निववून घ्या, नाहीतर गॅरेजमधून बॅटरीत टाकायचं शुद्ध पाणी आणा. पाणी हं, बॅटरीचं ॲसिड नव्हे! आणि विटामिन सीचं द्रावण तांब्याच्या भांड्यात ठेवू नका. तांब्याच्या संगतीत ते लवकर बिघडतं.

आदल्या दिवशी नाही, त्याच दिवशी

विटामिन सीचं द्रावण करायला एक गोळी वाटीत कुटून १०० मिली पाण्यात ढवळा. सगळी विरघळणार नाही, तळाशी पांढरट साका राहतो. तो गोळी बांधायला घातलेल्या पदार्थांचा असतो. कापडातून गाळा. आता या द्रावणाच्या दर मिलीत साधारण ५ मिलिग्रॅम विटामिन सी आहे. हवेतल्या ऑक्सिजनने ते तासागणिक कमी होत जातं, म्हणून रात्री करून ठेवायचं नाही. सकाळी शाळेत गेल्यावर करा.

पेरॉक्साइड जिवंत आहे की नाही हेही आधीच बघून घ्या. बाटली वर्षभर उघडी-मिटती झालेली असेल, उन्हात राहिलेली असेल, तर आत नुसतं पाणी उरलेलं असू शकतं. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर चार थेंब टाका. सरसरून फेस आला तर ठीक, नाही आला तर नवी बाटली आणा.

ग्लास भरताना

पहिल्या ग्लासात १० मिली पोव्हिडोन आयोडीन घ्या. रंग कडक कोऱ्या चहासारखा दिसेल. आता विटामिन सीचं द्रावण सिरिंजने थोडं थोडं टाकत ढवळत राहा. चहा फिका होतो, मग पिवळा, मग एका थेंबाला रंग जातो. गणिताने हे ७ मिलीच्या आसपास व्हायला हवं. पण गणितावर विसंबू नका, कारण बाटल्या थोड्या कमीजास्त असतात. रंग ज्या थेंबाला गेला तिथे थांबा. तो तुमचा शून्य.

आता त्या शून्यावर मोजून २ मिली विटामिन सी जास्त घाला. हेच २ मिली म्हणजे घड्याळाची चावी. ही ओळ वहीत लिहून ठेवा, कारण पुढे पोरांच्या हाती जे काही सोपवायचं आहे ते हेच. शेवटी साधं पाणी घालून एकूण ५० मिली करा.

दुसऱ्या ग्लासात २० मिली पेरॉक्साइड, १० मिली पेजेची निवळ आणि २० मिली पाणी घ्या. पेरॉक्साइड ३ टक्क्यांचं असेल तर ते ४० मिली घ्या आणि पाणी घालू नका. हाही ५० मिली.

एवढंच. हे दोन एकत्र केले की, हवा बेताची असेल तर, वीस ते तीस सेकंदांत काळा रंग येतो.

तालीम, आणि माझी फजिती

पहिल्या वर्षी मी हा प्रयोग २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला ठेवला. सकाळी सात वाजता घरच्या पडवीत तीनदा करून बघितला. प्रत्येक वेळी पस्तीस सेकंदांच्या आसपास. मी खूश. त्या पस्तीस सेकंदांत बोलायला छान प्रस्तावना पाठ केली. कार्यक्रम दुपारी दोनचा होता. बाटल्या सकाळपासून व्हरांड्याच्या कठड्यावर होत्या आणि त्यांच्यावर ऊन आलेलं होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. ओतलं, "मित्रहो," म्हणालो, श्वास घेतला, आणि ग्लास काळा. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, पण मी काय दाखवणार होतो ते कुणालाच कळलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या किनाऱ्यावर पहाटे चांगला गारवा असतो आणि दुपारी अंगाची लाही होते. या अभिक्रियेचा वेग तापमान दहा अंशांनी वाढलं की दुपटीच्या जवळ जातो. म्हणजे पहाटेचे पस्तीस सेकंद सावलीतल्या दुपारी पंधरा-सतरा, आणि तापलेल्या बाटल्यांत त्याहून कितीतरी कमी. चूक सर्वस्वी माझी. पण तो दिवस मला पुढच्या दहा तासिका पुरला. तेव्हापासून नियम एकच: तालीम ज्या वेळी दाखवायचं त्याच वेळी, त्याच खोलीत, त्याच पाण्याने. आणि बाटल्या टेबलाखाली सावलीत.

कमीत कमी तीन तालमी करा. वेळ फार कमी येत असेल तर जास्तीचं विटामिन सी २ ऐवजी ३ मिली घाला. फार लांबत असेल तर दीड. तीस सेकंद मला योग्य वाटतात. दहा सेकंदांत पोरांना शंका यायला फुरसत मिळत नाही, आणि मिनिटाच्या वर गेलं की वर्ग हातातून सुटतो.

वर्गात मांडणी

साठ पोरांच्या वर्गात टेबलावर ठेवलेला ग्लास तिसऱ्या बाकापलीकडे दिसत नाही. टेबलावर स्टूल, स्टुलावर ग्लास, मागे पांढरा कार्डशीट. खिडकी ग्लासाच्या मागे येऊ देऊ नका, बाजूला असू द्या. लाइट जाईल हे धरूनच चाला.

ग्लास घरचे किंवा डब्यातले आणू नका, आणि प्रयोगाचे ग्लास पुन्हा पिण्यासाठी वापरू नका. विटामिन सीची गोळी पोरांना खाऊ वाटते. मागे एकाने गाळून उरलेला साका बोटाने चाटून पाहिला होता. म्हणून सुरुवातीलाच स्वच्छ सांगायचं की टेबलावरचं काहीही तोंडात जाणार नाही. पेरॉक्साइड ओतताना चष्मा लावा, हातमोजे घाला. कातडीला लागलं तर तिथे पांढरं पडतं आणि चुणचुणतं, लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि दवाखाना गाठायचा. ज्या पोरांना आयोडीनची ॲलर्जी आहे त्यांना बघू द्या, हात लावू देऊ नका. टेबल पुसायला अमोनिया असलेला क्लीनर आसपासही नको. आयोडीन आणि अमोनिया एकत्र आले की धोक्याचा स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. आणि मिसळलेलं द्रावण झाकणाच्या बाटलीत बंद करून ठेवायचं नाही, पेरॉक्साइडमधून वायू सुटतो.

पहिल्या फेरीत गप्प राहा

हे मला जमायला दोन वर्षं लागली. पहिल्या फेरीत काहीही समजावू नका. काय होणार आहे हेही सांगू नका. "बघा" एवढंच म्हणा. पहिल्या ग्लासातलं दुसऱ्यात ओता, पुन्हा पहिल्यात, पुन्हा दुसऱ्यात. नीट मिसळलं नाही तर रंग सगळीकडे एकदम न येता ढगाढगांनी येतो आणि चमत्कार फिसकटतो. मग ग्लास स्टुलावर ठेवून बाजूला व्हा.

काळं झाल्यावर गोंधळ होईल, होऊ द्या. "जादू" हा शब्द कुणी ना कुणी उच्चारेल. त्याला हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. त्याच ग्लासात विटामिन सीचं द्रावण २ मिली टाका आणि ढवळा. काळं पाणी डोळ्यांदेखत स्वच्छ होतं. पोरं ओरडतात. मग त्यांना म्हणा, थांबा. साधारण तेवढ्याच वेळाने तो ग्लास पुन्हा काळा होतो. पुन्हा २ मिली, पुन्हा स्वच्छ, पुन्हा काळा. असं बऱ्याचदा करता येतं, कारण ग्लासात पेरॉक्साइड गरजेच्या शेकडो पट आहे.

दुसऱ्यांदा काळं झाल्यावर जादू हा शब्द वर्गातून आपोआप जातो. तीच गोष्ट तेवढ्याच वेळाने दुसऱ्यांदा घडली की पोरांना तिच्यात नियमाचा वास येतो.

आत काय चाललंय

सांगायला मी होडी वापरतो. जुनी होडी आहे, तिच्यात फटीतून सारखं पाणी झिरपतंय. आत एक खलाशी डबा घेऊन बसलाय आणि आलेलं पाणी आल्या आल्या बाहेर उपसतोय. वरून बघणाऱ्याला होडी कोरडीच दिसते. खलाशी थकून बसला की मग पाणी दिसायला लागतं.

झिरपणारं पाणी म्हणजे आयोडीन. पहिला ग्लास तयार करताना विटामिन सीने आयोडीनचं क्षपण करून त्याचं आयोडाइड केलं, म्हणून तो रंगहीन झाला. दोन्ही ग्लास मिसळल्यावर पेरॉक्साइड त्या आयोडाइडचं ऑक्सिडीकरण करून पुन्हा आयोडीन करायला लागतं. ही अभिक्रिया सावकाश चालते. पण जास्तीचं विटामिन सी, म्हणजे आपला खलाशी, तयार होणारं आयोडीन क्षणात परत आयोडाइड करतं. हे मात्र झटपट होतं. म्हणून आयोडीन साठतच नाही. ते २ मिली विटामिन सी संपलं की आयोडीनला अडवणारं कुणी उरत नाही आणि ते पेजेतल्या स्टार्चला जाऊन मिळतं.

नववीतल्या एका मुलीने हा दाखला ऐकून मला अडवलं. "सर, होडी हळूहळू भरतली मा? मगे ह्यां एकदम काळां कसां?" रास्त प्रश्न. खलाशी थकला तरी पाणी झिरपण्याचा वेग तोच असतो, मग रंग झटक्यात का यावा? उत्तर स्टार्चमध्ये आहे. स्टार्चचे काही रेणू सर्पिल, स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असतात, त्यांच्या पोकळीत आयोडीन रांगेने बसतं आणि गडद निळा रंग येतो. तो इतका गडद असतो की आयोडीनचा लवलेशही डोळ्याला दिसतो. म्हणजे होडीत पहिलं ओंजळभर पाणी आलं की लगेच लाल बावटा वर करणारा माणूसही आपण आत बसवलेला आहे. त्या दिवसापासून मी होडीच्या गोष्टीत बावटेवाला घालतो.

तिचं म्हणणं तपासायला पेज न घालता एक ग्लास करून दाखवा. रंग येतो, पण फिकट पिवळा आणि रेंगाळत. दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवले की स्टार्चचं काम वेगळं समजावावं लागत नाही.

आयोडीन शिकवताना पोरांना किनाऱ्यावर न्यायला मला आवडतं. १८११ साली बर्नार कुर्त्वा हा फ्रेंच माणूस समुद्री शेवाळाच्या राखेतून क्षार काढत होता. राखेच्या द्रावणात तीव्र आम्ल जास्त पडलं आणि जांभळी वाफ उठली. आयोडीन असं सापडलं. आपल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला दिसणाऱ्या शेवाळाकडे पोरं त्यानंतर जरा निराळ्या नजरेने बघतात.

आता सेकंद पोरांच्या हाती

दुसऱ्या फेरीला पाटी किंवा वहीचा मागचा कागद. तीन ग्लास करा, तिन्हींत सगळं सारखं, फक्त शून्याच्या वरचं विटामिन सी १, २ आणि ३ मिली. एकूण माप पाण्याने सारखं करायला विसरू नका. ओतण्याआधी प्रत्येकाने तिन्ही ग्लासांचे सेकंद लिहायचे. लिहिल्याशिवाय ओतायचं नाही. हा आग्रह सोडलात तर पोरं निकाल बघून "म्हायत होतां" म्हणतात आणि शिकणं तिथेच संपतं.

तिघांनी एकाच वेळी ओतायचं. पहिला काळा, मग तेवढ्याच अंतराने दुसरा, मग तिसरा. आलेखाच्या कागदावर बिंदू मांडले तर रेष जवळपास सरळ येते. का सरळ? कारण पेरॉक्साइड इतकं आहे की ते संपल्यासारखं होतच नाही, आणि आयोडाइड तर जितकं खर्च होतं तितकं विटामिन सी परत करतं. म्हणून आयोडीन तयार होण्याचा वेग सगळा वेळ जवळजवळ एकच राहतो. दुप्पट विटामिन सी, दुप्पट वेळ.

मग उलटं करा. विटामिन सी २ मिलीच ठेवा आणि पेरॉक्साइड निम्मं, १० मिली, घेऊन बाकी पाणी घाला. इथे पोरांचे अंदाज फार चुकतात. बरीच जणं म्हणतात की पेरॉक्साइड कमी म्हणजे काम कमी, तर लवकर होईल. प्रत्यक्षात वेळ दुप्पट लागतो. हा चुकलेला अंदाज मी पुसू देत नाही, त्याच्याखाली निकाल लिहायला लावतो.

तापमानासाठी बर्फ लागतो. जेटीवर माशांसाठी येणाऱ्या बर्फाचा तुकडा पिशवीत घालून कुणीही आणू शकतं. दोन्ही ग्लास वेगवेगळे बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून मग मिसळायचे. दुसरी जोडी कोमट पाण्यात. कोमटच, कढत नको. पाणी फार गरम असेल तर स्टार्चचा निळा रंग टिकत नाही, आणि पोरांना वाटतं की अभिक्रिया झालीच नाही.

बिघडलं तर

काळं झालंच नाही तर आधी पेरॉक्साइडवर संशय घ्या, मग स्वतःच्या सिरिंजवर. शून्य चुकवून चार-पाच मिली जास्त विटामिन सी गेलं असेल तर ग्लास नुसता उशिरा काळा होतो, म्हणून फेकून देण्याआधी दोन मिनिटं वाट पाहा. ओतताक्षणी काळं झालं तर विटामिन सीचं द्रावण जुनं आहे किंवा शून्याच्या वर काही घातलंच नाही. काळ्याऐवजी तपकिरी आलं तर पेज पातळ किंवा आंबलेली. हे तीन सोडून चौथा बिघाड मी अजून पाहिलेला नाही.

बोंडूचा खेळ

फेब्रुवारी ते मे हा प्रयोग करणाऱ्यांना एक फायदा आहे: काजूची बोंडं. आपल्याकडे बी काढून घेतली की बोंडू बऱ्याचदा बागेतच टाकतात. त्या रसात विटामिन सी संत्र्याच्या कितीतरी पट असतं. बोंडू पिळून रस गाळा आणि गोळीच्या द्रावणाऐवजी तो १० मिली पोव्हिडोन आयोडीनमध्ये थेंबाथेंबाने टाका. रंग जायला किती मिली लागले ते लिहा. गोळीचे साधारण ७ मिली म्हणजे ३५ मिलिग्रॅम, त्यावरून रसाचा अंदाज निघतो. मग लिंबू, आवळा, दुकानातलं नारिंगी सरबत. बोंडवातली तुरट द्रव्यंही थोडं आयोडीन पितात, त्यामुळे आकडा काटेकोर येत नाही, थोडा फुगतो. हे पोरांना सांगून टाका, आणि फुगवटा कसा ओळखता येईल असा प्रश्न सोडा. आमच्या वर्गात अजून त्यावर वाद चालू आहे.

आवराआवर

बाकावर, ओढणीवर, बोटांवर पडलेले आयोडीनचे ताजे डाग उरलेल्या विटामिन सीच्या द्रावणाने पुसा, जातात. हा प्रयोग पोरं घरी जाऊन आईला सांगतात, तो हाच भाग.

ग्लासातलं काळं पाणी विहिरीच्या जवळ, माशांच्या टाकीत किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. मी पहिल्यांदा हुशारी करून ग्लासातच विटामिन सी घालून ते स्वच्छ केलं, बेसिनजवळ ठेवलं आणि झाडू आणायला गेलो. परत येतो तर पुन्हा काळं. पेरॉक्साइड तिथेच होतं ना! आता आधी सगळं बादलीभर पाण्यात ओततो. इतकं पातळ झालं की अभिक्रिया रेंगाळते. मग उरलेलं विटामिन सीचं द्रावण घालून ढवळतो, पाणी निवळतं, आणि बादली गटारात रिकामी करतो. पेरॉक्साइडची बाटली झाकण लावून, तारीख लिहून, कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर, उन्हापासून लांब.